प्रायोगिक चित्रपटातली जागा कशी पाहावी: नवख्या प्रेक्षकासाठी

प्रायोगिक चित्रपट पहिल्यांदा पाहणारा माणूस साधारण दहाव्या मिनिटाला घड्याळ बघतो. पडद्यावर एक रिकामी खोली आहे, कुणी येत नाही, आलं तर काही सांगत नाही, आणि कॅमेरा आपल्याच नादात आहे. यात त्या माणसाचा काही दोष नाही. कथापटात जागा ही पात्रांच्या सोयीसाठी असते. दार आत येण्यासाठी, खुर्ची बसण्यासाठी, खिडकी उदास होऊन बाहेर बघण्यासाठी. खोली ओळखीची वाटली की तिचं काम संपलं. प्रायोगिक चित्रपटवाल्यांनी नेमकं हेच उलटं केलं. त्यांनी माणसं बाजूला सारली आणि जागेलाच पुढे आणलं.

म्हणून सुरुवातीला एक प्रश्न गुंडाळून ठेवा: ‘याचा अर्थ काय?’ त्याऐवजी दुसरा विचारा: ‘मी आत्ता कुठे आहे, आणि हे मला कशावरून कळलं?’ ही उत्तरं तीन ठिकाणाहून येतात: भिंगातून, संकलनाच्या कटमधून (म्हणजे एक शॉट संपून दुसरा जोडला जातो त्या सांध्यातून) आणि आपण बसलोय त्या अंधाऱ्या दालनातून. खालच्या पायऱ्या मात्र याच क्रमाने घेतलेल्या नाहीत, कारण शिकायला कटपासून सुरुवात करणं सोपं जातं.

आधी नेहमीचा चित्रपट उसवा

कुठल्याही कथापटातला दोन माणसं बोलतात असा प्रसंग घ्या. आवाज बंद करा. प्रत्येक कटला थांबा आणि कागदावर त्या खोलीचा नकाशा काढा: टेबल कुठे, दार कुठे, कोण कुठल्या दिशेला बघतंय, आणि कॅमेरा कुठे उभा असावा. आठ-दहा शॉट झाले की दिसेल की कॅमेऱ्याच्या सगळ्या खुणा खोलीच्या एकाच बाजूला गोळा झाल्यात. दोन माणसांमध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या पलीकडे न्यायचा नाही, असा हा नियम. चित्रपटाच्या धंद्यात त्याला एकशेऐंशी अंशांचा नियम म्हणतात. त्यामुळे एक माणूस कायम उजवीकडे आणि दुसरा डावीकडे बघत राहतो आणि आपला गोंधळ होत नाही.

नकाशात आणखी एक गोष्ट दिसेल. खोलीची चौथी भिंत कुणी दाखवलेलीच नसते. कित्येकदा ती नसतेही. तरी आपण अख्खी खोली पाहिली अशी आपली खात्री असते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हने १९२० च्या सुमारास याचाच प्रयोग केला होता. मॉस्कोत वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेले नटांचे शॉट त्याने जोडले आणि मध्ये अमेरिकेतल्या व्हाइट हाउसचा शॉट घातला. पाहणाऱ्याला वाटलं की ही माणसं चालत चालत त्या इमारतीपाशी पोचली. म्हणजे चित्रपटातली जागा जमिनीवर नसते, ती दोन शॉटच्या सांध्यात तयार होते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हा नकाशाचा उद्योग कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळू नका. नियम कुठे मोडला हे कळायला नियम कुठे होता ते ठाऊक असावं लागतं.

एक पाऊल, चार जमिनी

आता अमेरिकेतली प्रायोगिक चित्रपटकार माया डेरेन. तिचा ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ (१९४५) तीनेक मिनिटांचा मूकपट आहे. त्यात टॅली बीटी हा नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय खाली टेकतो तो एका घरातल्या खोलीत. हालचाल सलग आहे, जागा तुटलेली आहे. कथापटात कट जागा जोडून धरतो; इथे तोच कट जागा फोडतो आणि शरीर तिला जोडतं. अलेक्झांडर हॅमिडबरोबर केलेल्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ (१९४३) मध्ये ती स्वतः खुर्चीतून उठून काही पावलं चालते आणि प्रत्येक पाऊल वेगळ्या जमिनीवर पडतं: वाळू, गवत, फरसबंदी, गालिचा. खोली ओलांडायला समुद्रकिनाऱ्यावरून जावं लागतं.

हे चित्रपट लागोपाठ तीन वेळा पाहा. पहिल्यांदा नुसतंच. दुसऱ्यांदा फक्त कट मोजत. तिसऱ्यांदा फक्त पार्श्वभूमीकडे लक्ष ठेवून, नर्तकाकडे अजिबात न बघता. तिसरी खेप सगळ्यात अवघड असते, कारण डोळा हलत्या शरीराच्या मागे धावतोच. डेरेनने याच सवयीचा फायदा घेतलाय.

मग स्वतः करून पाहा. फोन पुरेसा आहे. एकच कृती ठरवा, समजा हात वर करून काहीतरी उचलणं, आणि ती तीन वेगळ्या ठिकाणी चित्रित करा. तीन पथ्यं पाळा. शरीर चौकटीत तेवढ्याच आकाराचं दिसलं पाहिजे. हालचालीची दिशा तीच राहिली पाहिजे. डावीकडून उजवीकडे तर सगळीकडे तशीच. आणि कट हालचाल ऐन वेगात असताना मारा, हात थांबल्यावर नको. थांबलेल्या हातावर कट मारला की डोळ्याला आजूबाजूला बघायला फुरसत मिळते आणि सांधा उघडा पडतो. जमल्यावर मुद्दाम एक पथ्य मोडा. दिशा उलटी केली की काय होतं ते बघण्यासारखं असतं.

याच जागी झ्बिगन्येव रिब्चिन्स्की या पोलिश चित्रपटकाराचा ‘टँगो’ (१९८०) पाहून घ्या. तो आठेक मिनिटांचा आहे, आणि ‘प्रायोगिक म्हणजे कंटाळा’ असं म्हणणाऱ्या मित्राला दाखवायलाही उत्तम. कॅमेरा हलत नाही, खोली एकच. एक मुलगा चेंडू घ्यायला खिडकीतून आत येतो आणि जातो, पुन्हा येतो आणि जातो. मग दुसरं माणूस, मग तिसरं, असं करत छत्तीस माणसं आपापली कृती पुन्हा पुन्हा करत राहतात. खोली गच्च भरते, पण कुणी कुणाला धडकत नाही. प्रत्येकाचं चित्रण वेगळं करून ते ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे वेगवेगळ्या फिल्मवरची चित्रं एकाच फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, एकत्र केलंय. डेरेनने एका शरीराला अनेक जागा दिल्या, रिब्चिन्स्कीने एका जागेत अनेक वेगवेगळे क्षण कोंबले. या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, ही या प्रांतात दुर्मीळच गोष्ट.

झूम म्हणजे चालणं नव्हे

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

एका लांब बोळाच्या टोकाला उभे राहा. समोरच्या टोकाला दार आहे असं धरू. पहिला शॉट: फोन हातात घेऊन चालत जा, दार चौकट भरून टाकेपर्यंत. दुसरा शॉट: जागेवरच उभं राहून झूम करा, दार तेवढंच मोठं होईपर्यंत. बोटांनी झूम करताना बरेच फोन मध्येच एका लेन्सवरून दुसरीवर जातात आणि चित्र किंचित उडी मारतं. त्याकडे सध्या दुर्लक्ष करा. आता दोन्ही शॉट शेजारी ठेवून पाहा.

चालताना जवळच्या वस्तू भराभर मोठ्या होऊन कडेने निघून जातात आणि लांबच्या सावकाश वाढतात. वस्तूंचं एकमेकींशी असलेलं नातं क्षणोक्षणी बदलतं. म्हणून आपण आत शिरतोय असं वाटतं. झूममध्ये असं काही होत नाही. जवळचं आणि लांबचं सारख्याच प्रमाणात वाढतं, कारण कॅमेरा हललेलाच नाही. चित्राचा मधला तुकडा फक्त ताणला गेलाय. दृश्याची खोली, म्हणजे त्यातलं जवळ-लांबचं अंतर, ठरते ती कॅमेरा कुठे उभा आहे यावर. झूम आपल्याला दारापर्यंत नेत नाही, दाराला पडद्यावर चपटं करून आणून ठेवतो.

हे हाताने केल्यावरच मायकल स्नोचा ‘वेव्हलेंग्थ’ (१९६७) लावा. कॅनडाच्या या कलावंताने न्यूयॉर्कमधल्या एका माडीच्या एका टोकाला कॅमेरा लावला आणि पंचेचाळीस मिनिटांत झूम करत समोरच्या भिंतीपर्यंत गेला. लिहिणारे लोक ‘एकच सलग झूम’ असं लिहितात, आणि मग पाहणारा फसतो. प्रत्यक्षात झूम अडखळत जातो. मध्येच रंगीत जिलेटिनचे कागद भिंगापुढे येतात, फिल्मचा प्रकार बदलतो, दिवसाची रात्र होते, आधीचं चित्र नंतरच्यावर चढतं. सुरुवातीला एक बाई दोघा माणसांकडून कपाट आणवून घेते. नंतर दोघी जणी रेडिओ ऐकतात. पुढे एक माणूस आत येतो आणि जमिनीवर कोसळतो. कथापट इथे सुरू झाला असता. स्नोचा झूम मात्र थांबत नाही. तो पुढे सरकतो आणि माणूस चौकटीच्या खालच्या कडेबाहेर जातो. नंतर एक तरुणी येऊन फोनवर सांगते की इथे एक माणूस मेलेला पडलाय. आपल्याला तो दिसत नाही, पण तो नेमका कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. चौकटीबाहेरची जागाही चित्रपटाचीच असते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

या सगळ्याबरोबर एक विद्युत स्वर चढत राहतो, सेकंदाला ५० कंपनांपासून १२,००० कंपनांपर्यंत. हेडफोन लावणार असाल तर आवाज आधीच कमी ठेवा, शेवटी तो कानात घुसतो. आणि तुकड्यातुकड्याने पाहू नका. हा चित्रपट विराम देऊन पाहिला तर त्यात काही उरत नाही.

शेवटी झूम भिंतीवर टाचलेल्या एका छायाचित्रापाशी पोचतो. समुद्राच्या लाटांचं छायाचित्र. ते पडदा व्यापून टाकतं. म्हणजे इतका वेळ खऱ्या खोलीची खोली कमी कमी होत आली आणि अखेरीस एका सपाट कागदावर अथांग पाणी लागलं. अनेक समीक्षकांनी या शेवटावर तत्त्वज्ञान रचलंय. मला त्यातली गंमत जास्त आवडते.

‘वेव्हलेंग्थ’ पचला तर एर्नी गेरचा ‘सीरीन व्हेलॉसिटी’ (१९७०). तेवीस मिनिटं, एका विद्यापीठाच्या इमारतीतला रिकामा बोळ, कॅमेरा एकाच जागी. फिल्मवरच्या दर चार चौकटींनी, म्हणजे चार सुट्या चित्रांनी, भिंगाचं नाभीय अंतर (झूम किती जवळ वा लांब ते) बदलतं: जवळ, लांब, जवळ, लांब. सुरुवातीला फरक बारीक असतो, मग वाढत जातो, आणि बोळ आपल्या अंगावर येऊन मागे आदळू लागतो. कॅमेरा तसूभरही हललेला नाही हे माहीत असून शरीर ऐकत नाही. अखेरीस दारांच्या काचांतून पहाटेचा उजेड येतो, कारण चित्रण रात्रभर चाललं होतं.

इथे एक सावधगिरी, आणि ती खरोखर पाळा. लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांना फीट येऊ शकते त्यांनी असे चित्रपट पाहू नयेत. टोनी कॉनरॅडच्या ‘द फ्लिकर’ (१९६६) च्या सुरुवातीला तशी सूचनाच आहे, आणि ती जाहिरातबाजी नाही.

स्नोचाच ‘ला रेजिओं सांत्राल’ (१९७१) तीन तासांचा आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या उत्तरेकडच्या एका निर्जन डोंगरावर त्याने खास बनवून घेतलेल्या यंत्रावर कॅमेरा बसवला, आणि ते यंत्र त्याला सगळ्या दिशांना फिरवत राहतं. वर-खाली हे शब्दच निरुपयोगी होतात. नवख्याने त्यातली वीस मिनिटं पाहिली तरी चालेल. कट्टर मंडळी रागावतील, रागावू देत.

खोली नसलेला पडदा

इथपर्यंत जागा ताणली, फोडली, चपटी केली. काहींनी ती काढूनच टाकली. स्टॅन ब्रॅखेजने ‘मॉथलाइट’ (१९६३) कॅमेऱ्याशिवाय केला. पतंगांचे पंख, पाकळ्या, पानांचे तुकडे पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबले आणि ती पट्टी छापून घेतली. त्यात ‘समोर’ काही नाही, ‘मागे’ काही नाही. पंख एका चौकटीतून दुसरीत बेलाशक घुसलेले असतात. हा चित्रपट चौकट चौकट थांबवून पाहा, मग पूर्ण वेगात; दोन वेगळे चित्रपट दिसतील.

आवाज दुसऱ्या गावचा

शांताल आकेरमान ही बेल्जियन दिग्दर्शिका. तिच्या ‘न्यूज फ्रॉम होम’ (१९७६) मध्ये पडद्यावर न्यूयॉर्क आहे: रस्ते, भुयारी रेल्वेची स्थानकं, लांबलचक स्थिर शॉट. आवाजात मात्र तिला ब्रसेल्सहून आलेली आईची पत्रं आहेत, ती तिने स्वतःच वाचलेली. पत्रांत घरच्या तब्येती, तक्रारी, ‘लिही गं’ असा धोशा. मध्येच गाड्यांच्या आवाजात पत्र बुडून जातं. ब्रसेल्सचा एकही शॉट नाही, तरी चित्रपटात दोन शहरं आहेत, आणि त्यांच्यामधलं अंतर वाहतुकीच्या गोंगाटाने मोजलं जातं. शेवटचा शॉट बोटीवरून घेतलाय, शहर हळूहळू लहान होत जाणारा, बराच लांब. झूमचा प्रयोग केला असेल तर इथे काय वेगळं घडतंय ते आपोआप कळेल: इथे कॅमेरा खरोखर दूर जातोय.

याचाही सराव करता येतो. फोन कशावर तरी पक्का टेकवा, फोकस आणि प्रकाश कुलूपबंद (लॉक) करा, आणि एखाद्या रिकाम्या बोळाचा किंवा जिन्याचा दोन मिनिटांचा एकच शॉट घ्या. नंतर त्याचा मूळ आवाज काढून दुसऱ्या जागेचा घाला: पाण्याचा, गर्दीचा, बंद खोलीतल्या पंख्याचा. प्रत्येक वेळी त्या दाराच्या पलीकडे वेगळं काहीतरी असल्यासारखं वाटेल. फोकस कुलूपबंद करण्याचं सांगितलं ते विसरू नका. फोन आपणहून प्रकाश कमी-जास्त करू लागला की प्रेक्षक त्या चाळ्याकडेच बघत बसतो.

खुर्चीतून उठा

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की पडदा समोर, प्रोजेक्टर मागे आणि आपण मध्ये गप्प. १९७० च्या आसपास बऱ्याच कलावंतांनी हेच तपासायला घेतलं. ऑस्ट्रियाच्या पीटर कुबेल्काने एक टोक गाठलं: न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्हजमध्ये १९७० साली त्याच्या कल्पनेप्रमाणे ‘अदृश्य चित्रपटगृह’ बांधलं गेलं. सगळं काळं, आणि प्रत्येक खुर्चीला दोन्ही बाजूंनी आडोसा, म्हणजे शेजाऱ्याचं डोकंसुद्धा दिसू नये. पडद्याखेरीज जगात काही नाही.

अँथनी मॅकॉल याने दुसरं टोक धरलं. त्याच्या ‘लाइन डिस्क्रायबिंग अ कोन’ (१९७३) मध्ये फिल्मवर जे आहे ते अगदी साधं: काळ्यावर एक पांढरा ठिपका, जो तीस मिनिटांत रेषा होत होत पूर्ण वर्तुळ होतो. पण पडद्याकडे बघायचंच नाही. बघायचं प्रोजेक्टरच्या झोताकडे. धूसर हवेत तो झोत आधी काठीसारखा, मग वाकलेल्या पडद्यासारखा आणि शेवटी प्रकाशाच्या पोकळ शंकूसारखा दिसतो. लोक त्यात हात घालतात, आत शिरतात, जमिनीवर आडवे होऊन वर बघतात. सुरुवातीच्या खेळांत धूळ आणि सिगारेटचा धूर आयताच मिळायचा. स्वच्छ संग्रहालयात नेल्यावर शंकू दिसेनासाच झाला, म्हणून पुढे धुकं करणारं यंत्र लागू लागलं.

लिस ऱ्होड्सचा ‘लाइट म्युझिक’ (१९७५) दोन प्रोजेक्टर समोरासमोर ठेवतो. प्रेक्षक दोन झोतांच्या मध्ये. फिल्मवर काढलेल्या आडव्या रेघा ध्वनिपट्टीवरही, म्हणजे फिल्मच्या ज्या कडेवरून आवाज वाचला जातो तिच्यावरही, गेलेल्या असतात, त्यामुळे जी रेघ दिसते तिचाच आवाज ऐकू येतो. तुम्ही हललात की तुमची सावली पडद्यावर पडते, आणि इथे ती अडचण मानत नाहीत.

अशा कामांची चित्रफीत इंटरनेटवर सापडते. ती पाहून कल्पना येईल, अनुभव येणार नाही; मॅकॉलच्या बाबतीत तर चित्रफितीत कामच शिल्लक राहत नाही. संधी मिळेल तेव्हा कलादालनात जा. तिथे गेल्यावर काय करायचं, ते थोडक्यात:

- दाराशेजारच्या पाटीवर कालावधी पाहा. आठ मिनिटांचं असेल तर सुरुवातीसाठी थांबा. चोवीस तासांचं असेल तर सुरुवात शोधण्यात अर्थ नाही, कुठेही शिरा.
- बाक ठेवला असेल तर बसा; नसेल तर तो मुद्दाम नाही असं समजून फिरा. पडदा अधांतरी टांगला असेल तर मागे जाऊन पाहा.
- अनेक पडदे असतील तर एकच निवडून त्याचं एक आवर्तन पूर्ण पाहा. सगळ्यांवर नजर भिरभिरत ठेवली की हाती काही लागत नाही.

आकेरमानने ‘दे लेस्त’ (१९९३) हा आपला चित्रपट १९९५ मध्ये चोवीस मॉनिटरवर तोडून मांडला आणि पुढच्या खोलीत पंचविसावा ठेवला. चित्रपटगृहात एकामागून एक येणारे शॉट तिथे शेजारी शेजारी उभे राहतात. संकलन मग प्रेक्षकाच्या पायांनी होतं. दोन्ही रूपं पाहायला मिळाली तर आधी चित्रपट, मग मॉनिटरची ही मांडणी.

क्रम कसा ठेवावा

डेरेन आणि ‘टँगो’ एका संध्याकाळी होतात. ‘मॉथलाइट’ कधीही. ‘वेव्हलेंग्थ’साठी एक रिकामी संध्याकाळ, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर. ‘न्यूज फ्रॉम होम’ त्यानंतर. ‘सीरीन व्हेलॉसिटी’ची चांगली प्रत मिळेपर्यंत थांबा, इंटरनेटवरच्या दाबून लहान केलेल्या प्रतींत चार-चार चौकटींचा खेळ चिखल होऊन जातो, आणि मग लोक चित्रपटालाच नावं ठेवतात. पॅरिसची लाइट कोन, लंडनची लक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोची कॅन्यन सिनेमा या वितरण संस्थांच्या याद्या चाळल्या तर कुठलं काम किती मिनिटांचं आणि कुठल्या फिल्मवरचं आहे ते कळतं. तुमच्या फिल्म क्लबला प्रती मागवायच्या असतील तर दार तेच. अँडी वॉरहॉलचा ‘एम्पायर’ (१९६४), म्हणजे एका इमारतीकडे आठ तास बघत बसणं, हा मात्र निदान पहिल्या वर्षी यादीत घेऊ नका.